बावीस सेंट वर

उद्यमनगरात लेथ बंद पडतात रात्री आठला,
तेव्हा माझा स्टुडिओ सुरू होतो:
फाउंड्रीच्या माळ्यावर दहा बाय आठ,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी,
आणि स्क्रीनवर एक घड्याळ उलटं पळतंय.
सत्तर टक्के सूट. उरले तीन तास बारा मिनिटं.

एकोणतीस डॉलर नव्याण्णव सेंट.
मी रुपयांत करतो, वर जीएसटी धरतो,
मग वाढदिवसाच्या एका गाण्याचे किती मिळतात
ते आठवतो.
गेल्या आठवड्यात घाटगे शेठ स्वतःच गायले,
मेव्हण्यासाठी.
"सुरात तेवढं आण," म्हणाले,
"बाकी आवाज आपला खणखणीत हाय."
खणखणीत होताच. सूर मात्र
शिरोलीला निघून उचगावात उतरलेला.
एकेक स्वर माऊसनं उचलून रेघेवर ठेवला,
वाऱ्यानं सरकलेली कौलं बसवावीत तसा.
मेव्हणे रडले म्हणे ऐकून.

पण ट्रायल संपायच्या आत
मला एक वेगळीच फाईल टाकून बघायची होती.

गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री धार काढतात,
गिऱ्हाईक समोर उभं, फेस काठावर येईस्तोवर.
तिथला आण्णाप्पा म्हशीला हात लावण्याआधी
गुणगुणतो काहीतरी. शब्द नाहीत त्याला.
नाकातलं, लांब, एकच,
आणि मोरणी पान्हा सोडते.
मी मोबाईलवर घेतलं होतं ते,
डाव्या हातात ग्लास.

सॉफ्टवेअरनं फाईल चघळली,
पट्टीवर ठोकळे मांडत गेलं.
धारेचा पहिला चर्रर्, तोही स्वर धरला.
रिक्षाचा हॉर्न धरला.
माझा ढेकर सापडला पार खालच्या सप्तकात.
आणि आण्णाप्पा: डी शार्पच्या बावीस सेंट वर,
लाल रंगात. लाल म्हणजे चूक.
त्याचा सा कुठला,
हे यंत्राला कोण सांगणार?

एक बटण दाबलं. ठोकळा खाली सरकला, हिरवा झाला.
तोच स्वर बासरीला दिला, मग व्हायोलिनला,
मग एका काचेच्या कसल्याशा वाद्याला
जे जगात कुठं नाही, फक्त या डीलमध्ये फुकट आहे.
सगळ्यांनी गोड वाजवलं,
मॉलच्या लिफ्टमध्ये वाजतं तेवढं गोड.

साडेदहाला गाडी काढली,
ब्लूटूथ स्पीकर हँडलला.
"आण्णा, एक गंमत दाखवतो."
हिरवा लावला. मोरणीनं कान हलवला,
शेपटी माझ्या पँटीवर मारली. बस्स.
मग लाल लावला, मूळचा, न सुधारलेला.
मला वाटलं, आता सुटणार.
घरी जाताना सांगायला गोष्ट झाली.
नाही सुटली.
ग्लास घेऊन उभी पोरं हसायला लागली.

आण्णाप्पानं पायानं बादली ओढली, बसला.
"उदया, गळा काय करतोय लेका त्यात?
माझं टाळकं तिच्या पोटाला टेकलेलं असतंय.
तिला ऐकायचं कारणच न्हाई.
तिच्यात घुमतंय ते. हात ठेव पलीकडनं."

मी ठेवला.
केसाळ, गरम, शेणाच्या वासाची एवढी मोठी भिंत,
आणि तिच्या आत, बऱ्याच आत,
कुणीतरी लेथ सुरू केल्यासारखं.
तळव्यातनं कोपरापर्यंत आलं.
मग धार पडल्याचा आवाज.

परत आलो तेव्हा बारा वाजून गेलेले,
घड्याळ शून्यावर,
ट्रायलवाल्या खिडक्या करड्या.
ओशाळल्यासारखा झोपलो.

सकाळी मेल: आनंदाची बातमी!
खास तुमच्यासाठी मुदत दोन दिवस वाढवली.
घेतलं मी. भावजीच्या कार्डावर.
घाटगे शेठना अजून दोन मेव्हणे आहेत.